भोरडीचा कॅमेरा बंद

११ जानेवारी

आज टेक्विन येऊन माझा अर्धा केक खाऊन गेला आणि जाताना माझं डोकंही. आमच्या पेन्त्रेग्लासच्या आइस्तेथवोदचा, म्हणजे गावच्या काव्यमेळ्याचा, तो अध्यक्ष. चार वर्षं झाली, कवितेची खुर्ची रिकामीच जाते. दरवर्षी सुतार नवी ओकची खुर्ची करतो, परगावचे परीक्षक येतात आणि मंचावरून सांगतात की यंदाही कुणी लायक नाही. मग खुर्चीवर चादर घालायची आणि ती शाळेच्या अडगळीत ढकलायची.

"यंदा पाचवी खुर्ची आत गेली तर बास," टेक्विन म्हणाला. "समितीत ठरलंय. कविता बंद. त्याऐवजी केक सजवायची स्पर्धा."

"केक?" मी म्हणाले. "त्या मंचावर?"

"लोक येतात तरी केकला."

त्याच मंचावर माझ्या वडिलांना खुर्ची मिळाली होती. मी पायरीवर बसून पाहिलं होतं. ती खुर्ची आज माझ्या खोलीत आहे. मी तिच्यात बसत नाही, आणि इद्वाल तिच्यावर कोट टाकतो म्हणून आमची भांडणं होतात. टेक्विनला मी म्हणाले की मी कवी तयार करीन. बोलून बसले. गावातली तरुण मुलं रग्बी खेळतात आणि म्हातारी बघतात. कवी आणू कुठून?

१४ जानेवारी

लाउरी आली होती, माझी जुनी विद्यार्थिनी. आता ग्रंथालयात असते. तिला सगळं सांगितलं तर म्हणाली, "बाई, गावात नाहीत ना? मग गाव सोडून शोधा. इंटरनेटवर वर्ग घ्या."

मी म्हटलं, मला मोबाईलवर फोन उचलता येतो तेवढं पुरे आहे. तिने ऐकलं नाही. टेबलावरची भांडी बाजूला सारली, आपला लॅपटॉप उघडला आणि ग्रंथालयाची जुनी हस्तलिखितं दाखवली. पान वाढवता येतं, हवं तेवढं. पानं कातड्याची, तर त्यावरचे केससुद्धा दिसतात! एका पानाच्या कडेला लेखनिकाने बारीक अक्षरात लिहिलंय की शाई पाण्यासारखी झाली आहे आणि बोटं गारठली आहेत. कॉलेजात असताना मी एवढं एक पान बघायला दोन बस बदलून जात असे आणि समोर एक गृहस्थ माझ्या हातांवर डोळा ठेवून बसत. आता मी स्वयंपाकघरात, हातात काउल सुपाचा डाव, आणि पान माझ्यासमोर. मला रडू आलं, आणि का लपवू?

इद्वालने माझ्या खांद्यावरून वाकून वाचलं. "पाचशे वर्षं झाली," म्हणाला, "हवा अजून तीच आहे."

हा माझा नवरा. आमच्याच शाळेत गणिताचा मास्तर होता. शिक्षकांच्या खोलीत कवितेला 'अर्धवट राहिलेलं गणित' म्हणायचा, आणि तरी मी त्याच्याशी लग्न केलं.

२२ जानेवारी

पहिला वर्ग झाला. झाला म्हणजे काय, पहिला अर्धा तास मी जीव तोडून शिकवलं आणि माझा आवाजच बंद होता. सगळे हात हलवत होते. मला वाटलं, काय रंगलेत!

आले कितीतरी, टिकतील किती ते बघू. नेलिदा पार समुद्रापलीकडच्या पातागोनियातली आहे. तिचे पणजोबा इथून जहाजाने तिकडे गेले आणि भाषा घेऊन गेले. ती आमची भाषा स्पॅनिश हेल काढून बोलते, ऐकत राहावंसं वाटतं. गिटो वरच्या वाडीतला मेंढपाळ, गाडीत बसून आला होता, मागे कुत्रा. आणि एकीचा कॅमेरा बंद, आवाज बंद. नुसतं टाइप करते.

मी नियम घालून दिला. मेळ्यात कविता टोपणनावाने पाठवतात, परीक्षकाला कवी कोण ते कळत नाही. वर्गातही तसंच. टोपणनाव घ्या, म्हणजे मी तुमचं तोंड बघून गुण देणार नाही. गिटोने 'ओला कोट' घेतलं आणि लगेच स्वतःच सांगून टाकलं. नेलिदा 'दक्षिणवारा'. आणि त्या बंद चौकोनातून एकच शब्द आला, 'भोरडी'. छान नाव. भोरड्या थव्याने उडतात, पण ही एकटीच दिसते. कुठल्यातरी मोठ्या शहरात भाड्याच्या खोलीत राहणारी लाजरी मुलगी असावी.

इद्वालला मी वर्गाच्या वेळी काचघरात हाकलते. टोमॅटोची रोपं करतो म्हणाला. जानेवारीत!

५ फेब्रुवारी

आमच्या कवितेचा कायदा कडक आहे, आणि मला तो जिवापाड आवडतो. ओळीचे दोन भाग. पहिल्या भागात जी व्यंजनं, तीच दुसऱ्या भागात, त्याच क्रमाने. स्वर बदला, शब्द बदला, व्यंजनांची रांग मोडायची नाही.

गिटोने पाठवलं: 'मेंढी माझी, मांडी माझी.'

"गिटो, ढ ला ड चालत नाही," मी म्हणाले. "आणि 'माझी' दोनदा घेतलंस, तो आळस."

"बाई, पण खरोखरच मांडीवर आहे," तो म्हणाला आणि कॅमेरा खाली केला. होती, खरंच. दूध पीत होती. वर्ग दहा मिनिटं हाती लागला नाही.

लाउरीने इंटरनेटवरचा एक तपासनीस शोधून दिलाय. ओळ टाकली की व्यंजनं मोजून हिरवा किंवा लाल दिवा लावतो. मला आधी राग आला, कवितेला काय दिवे! पण मुलं रात्रंदिवस त्याच्याशी खेळतात आणि माझ्याकडे येईपर्यंत निम्म्या चुका गेलेल्या असतात. म्हणजे मला अर्थाकडे बघायला वेळ मिळतो. मी राग मागे घेतला.

आज सकाळी इद्वालने माझा निळा कप फोडला. मी बोलायचं ते बोलले. संध्याकाळी भोरडीची पहिली बिनचूक ओळ आली: 'कप तुटे, कोप ताटी.' मी खुर्चीतून पडेपर्यंत हसले. जगात सगळीकडे संसार सारखेच. ही बिचारी मुलगी कुणा खडूस घरमालकिणीकडे राहत असणार.

जेवताना इद्वालला ओळ म्हणून दाखवली. तो म्हणाला, "बरी आहे. घरमालकीण ओळखीची वाटते."

१ मार्च

संत डेव्हिडचा, म्हणजे आमच्या देशाच्या संताचा, दिवस. कोटाला डॅफोडिलचं पिवळं फूल लावून वर्ग घेतला. एका जुन्या कवीच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. माणूस मरून युगं लोटली, पण संग्रहात आवाज तसाच, मध्ये एक खोकलाही आहे. नेलिदा डोळे पुसत होती. तिच्याकडे दुपार होती, हातात तिकडच्या माते नावाच्या चहाचं भांडं, आणि ती म्हणाली, "बाई, माझे आजोबा असेच श्वास घ्यायचे ओळीच्या मध्यात." आम्ही तो खोकला तीनदा ऐकला.

मग सगळ्यांना मोठ्याने वाचायला लावलं. भोरडीने नाही वाचलं. पण सव्वासात वाजता चुकून तिचा माइक उघडला आणि घड्याळाचे सात टोले ऐकू आले. तिचं घड्याळही आमच्या घरातल्या बोळातल्या घड्याळासारखं पाव तास मागे! मी म्हटलं, "भोरडी, आपल्या दोघींची घड्याळं एकाच आळशी माणसाने बनवलेली दिसतात." माइक फटकन बंद झाला. लाजली.

शिवाय मला अधूनमधून माझाच आवाज परत ऐकू येतो. लाउरी म्हणते, तुमच्या जवळपास कुणीतरी दुसऱ्या यंत्रावर ऐकतंय. मी म्हटलं, कुत्रासुद्धा नाही घरात. इंटरनेटच जुनं झालंय.

१२ मार्च

इद्वालची काळजी वाटते. ताटावर बसून पुटपुटतो. टेबलावर बोटं आपटतो, आधी डाव्या हाताची, मग उजव्या हाताची. काल झोपेत 'त, र, त, र' म्हणाला. त्याच्या आईचंही शेवटी असंच सुरू झालं होतं. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. तो म्हणाला, "मला काही झालेलं नाही, मास्तरीणबाई. मोजतोय."

"काय मोजतोस?"

"रोपं."

जबरदस्तीने पाठवलं. परत आला तो गुणगुणत. डॉक्टरीण म्हणाली म्हणे की या वयात असं काही करणारे फार थोडे असतात, चालू ठेवा. काय चालू ठेवा? टोमॅटो?

२५ मार्च

मेळ्याच्या कविता पाठवायला महिना राहिला. विषय आलाय, 'दार'. सर्वांनी कच्चा खर्डा मला दाखवला.

नेलिदाची कविता सुंदर आहे, पण तिला इथे येणं शक्य नाही, आणि मेळ्याची जुनी अट आहे की नाव पुकारलं की कवी सभागृहात उभा राहिला पाहिजे. गिटोच्या मेंढ्या व्यायला लागल्यात. तो ओळीच्या मध्यातच झोपतो. राहिली भोरडी. तिची कविता उघडली. दारांचे प्रकार, कड्या, बिजागऱ्या, सगळी व्यंजनं कवायतीत उभी. तपासनिसाने सगळे दिवे हिरवे लावले.

मी लिहिलं: 'गणित बरोबर आहे. पण या दारामागे कुणी राहत नाही. घर रिकामं आहे.' पाठवून टाकलं. खरं तेच लिहिलं.

इद्वाल आज काउलला शिवला नाही. पोट बिघडलंय म्हणाला. काचघरात जाऊन बसला.

१ एप्रिल

भोरडी वर्गात आली नाही.

८ एप्रिल

आजही नाही. तिचा काळा चौकोन दिसत नाही तर वर्ग भुंडा वाटतो. माझी जीभ! इतकी वर्षं मुलं घडवली, आणि जी एकटी ही खुर्ची वाचवू शकली असती तिला मीच पळवून लावलं. आता केक सजवा.

इद्वालला सांगितलं. तो रोपांना काठ्या बांधत होता. मान वर न करता म्हणाला, "तुझं चुकलं नसेल. घर रिकामं असेलही."

"पण मला असं लिहायला नको होतं."

"मग काय लिहायला हवं होतं?"

मी विचार केला. "विचारायला हवं होतं, कुणासाठी लिहितेस."

"मग विचार की," इद्वाल म्हणाला आणि काठी उलटी रोवली.

लगेच आत आले आणि भोरडीला लिहिलं. माफी मागितली आणि विचारलं. ताबडतोब उत्तर आलं, एवढ्या चटकन की मी दचकले: 'एकाच माणसासाठी. घरातलंच माणूस आहे. पण आमच्यात असं बोलायची पद्धत नाही. आमच्यात थट्टा करतात.'

अगं माझी बाई! म्हणजे प्रेमाचं प्रकरण. मी लिहिलं, 'मग थट्टा बाजूला ठेव आणि एकदा सांगून टाक. त्या माणसाचं दार लिही.'

इद्वाल बऱ्याच वेळाने आत आला. डोळे लाल होते. काचघरात फवारणी केली म्हणाला.

१६ एप्रिल

भोरडी परतली! आणि काय घेऊन आली. सुरुवातच अशी: 'दार तिचे, दूर तोच.' एक माणूस बंद दाराबाहेर उभा आहे. आतून हसू ऐकू येतं, आतली माणसं एकमेकांना ओळी म्हणून दाखवताहेत, आणि त्याला दार वाजवायची लाज वाटते, कारण त्यानेच कधीतरी म्हटलेलं असतं की आत काही नाही. मग तो चोरून अक्षरं शिकतो. शेवटच्या कडव्यात ती ओळ: 'मौन तरी मनी तारा.' मी वाचता वाचता थांबले. मला पुढचं दिसेना.

आता मला कळलं. मुलीने पुरुषाच्या तोंडून कविता लिहिली आहे. केवढी हिंमत! आणि ती दगड कोण असेल, जिला हे कळत नाही? आपल्या दाराशी कुणी इतके दिवस उभं आहे, आणि या बाईला पत्ता नाही. मला तिचा संतापच आला.

जेवताना इद्वालला सगळी कविता वाचून दाखवली. त्याने काटा खाली ठेवला आणि ऐकली. मी म्हटलं, "बघ, याला कविता म्हणतात. तू जन्मात अशी एक ओळ तरी..."

"नाही बुवा," तो म्हणाला. "मला कुठलं जमायला."

त्याने नंतर दोनदा काउल घेतलं. पोट बरं झालंय.

२९ एप्रिल

कविता गेल्या. भोरडीचा निरोप: 'समजा नाव पुकारलं, तर उभं राहायलाच लागतं का? सगळ्यांसमोर?'

मी लिहिलं: 'लागतंच. आणि ज्याच्यासाठी लिहिलंस ते माणूस अगदी शेजारच्या खुर्चीवर बसलेलं असलं तरी उभी राहा. मी सभागृहात असेन. पाय लटपटले तर माझ्याकडे बघ.'

मी काउलचं भांडं घासून ठेवलं. मग: 'बरं, बाई.'

१७ मे, सकाळी

आज मेळा. इद्वालला यायला आवडत नाही, दरवर्षी मी ओढून नेते. आज स्वतःच टाय लावून तयार. शर्टाला इस्त्रीही स्वतः केली, एक बाही राहिली. कडेचीच खुर्ची हवी म्हणाला, पाय पसरायला. भोरडी कशी दिसत असेल याचा विचार करतेय. बारीक, चष्मा लावणारी, बहुतेक हिरवा कोट.

१८ मे

काल लिहिणं शक्यच नव्हतं. आता लिहिते.

चर्चचं सभागृह भरलं होतं, उभं राहायला जागा नाही. बातमी पसरली होती की यंदा नाही तर कधीच नाही. लाउरीने मोबाईल उंच धरला होता, म्हणजे नेलिदाला पातागोनियात दिसावं. गिटो मेंढीच्या वासासह मागे उभा. मंचावर नवी खुर्ची, चादरीखाली. परीक्षकबाई उत्तरेकडून आल्या होत्या, चेहरा कोरा. एकेक कविता घेऊन त्यांनी सोलून काढली. टेक्विन तर केकच्याच मुद्रेत बसला होता.

मग त्या म्हणाल्या, "एका कवितेने मला घाट उतरताना गाडी थांबवायला लावली. व्यंजनं कुठेही ताठ नाहीत, घरच्यासारखी वावरतात. खुर्चीला लायक, आणि कुठल्याही मोठ्या मेळ्यात लायक. कर्णा वाजेल तेव्हा भोरडी, आणि फक्त भोरडी, उभी राहो."

मी किंचाळले. "माझी आहे!" म्हणाले, मोठ्याने, सगळ्यांनी ऐकलं. दिवे मालवले. शाळेतल्या पोरीने कर्णा वाजवला. प्रकाशाचा झोत लोकांवरून फिरू लागला, आणि मी अर्धी उठून मान वळवून शोधू लागले. कोपऱ्यात नाही, मागे नाही, गॅलरीत नाही. मला वाटलं, आली नाही! घाबरली! आणि मी इद्वालचा हात धरायला बाजूला हात नेला, तर खुर्चीत हात नाही.

तो उभा होता. इस्त्री न केलेली बाही माझ्या नाकासमोर.

"खाली बस," मी कुजबुजले. "ती दिसणार नाही."

"मेरेरिद," तो म्हणाला, "पाय लटपटताहेत. तुझ्याकडे बघायचं ठरलंय ना?"

झोत आमच्यावर येऊन थांबला. सभागृहात एक क्षण कुणाला काही कळेना. मग मागून गिटो ओरडला, "अरे, गणिताचे सर!" आणि टाळ्यांनी छप्पर उडालं.

दोन जुने विजेते येऊन त्याला घेऊन गेले. खुर्चीसमोर उभं करून तीनदा विचारतात, शांतता आहे का, आणि लोकांनी तीनदा म्हणायचं, शांतता. मी लहानपणापासून सगळ्यांत मोठ्याने ओरडत आलेय. काल ओरडायचंच विसरले. मी नुसती हसत होते आणि रडत होते, आणि निळा कप, बोळातलं घड्याळ, झोपेतलं 'त, र, त, र', सगळं एकामागून एक माझ्या डोक्यात येऊन आदळत होतं. टोमॅटो! आणि त्या दगड बाईला मी शिव्या घातल्या होत्या, त्याच्याच ताटासमोर.

घरी येताना विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू नवरा म्हणून गुण दिले असतेस," तो म्हणाला. "किंवा नवरा म्हणून कापले असतेस."

"कापलेच असते," मी म्हणाले.

"तुझ्या खोलीतून इतकं हसू यायचं," तो फाटक उघडताना म्हणाला. "मला वाटलं, काय आहे तरी काय तिथे, बघावं."

टेक्विनने रात्रीच निरोप पाठवला की कविता राहणार. केक सोबत, पण चहाच्या वेळेला.

२० मे

गिटोने गाडीतून खुर्ची आणून दिली. वडिलांच्या खुर्चीशेजारी ठेवली. इद्वालने येताच नव्या खुर्चीवर कोट टाकला. टाकू दे, खुर्ची त्याची आहे.

संध्याकाळी वर्ग. म्हटलं, आता इथेच बस माझ्या बाजूला. तर नको म्हणाला, काचघरात शिकायची सवय झालीय. गेला. सात वाजता काळा चौकोन उजळला आणि टोमॅटोच्या रोपांमध्ये माझा नवरा दिसला, कानात वायरी, चष्म्यावर वाफ. नेलिदाने टाळ्या वाजवल्या. रोपं खरंच आहेत, चांगली कमरेएवढी झालीत.

गृहपाठात त्याने आपल्याच कवितेची पहिली ओळ बदलून पाठवली होती: 'दार तिचे, दूर नाही.'

तपासनिसाने लाल दिवा लावला. लावणारच, व्यंजनांची रांग मधोमध मोडली आहे, गिटोलासुद्धा कळलं. सगळे माझ्याकडे बघत होते. शिकवायला लागल्यापासून मी चुकलेली ओळ कधी सोडलेली नाही, कुणाचीही नाही.

मी बरोबरची खूण केली आणि पुढच्या ओळीकडे वळले.